मोजमापातली चूक नेहमी निरुपद्रवी असते का? पार्श्वभूमी

मोजमाप सदोष असेल तर दोन गोष्टींमधला संबंध असतो त्याहून फिका दिसतो, हे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच मांडले होते. साथरोगशास्त्रात, म्हणजे लोकसमूहांतील आजारांची कारणे शोधणाऱ्या शास्त्रात, मात्र आधी धास्ती होती ती वेगळ्या चुकीची: मुलाखत घेणाऱ्याला रुग्ण कोण हे ठाऊक असेल तर तो त्यालाच जास्त खोदून विचारणार. डॉल आणि हिल यांच्या १९५० च्या धूम्रपान-फुप्फुसाचा कर्करोग अभ्यासावर हीच शंका येऊ शकत होती. तिचे उत्तर त्यांच्याच नोंदींत सापडले. मुलाखतीच्या वेळी कर्करोगाचे समजले गेलेले, पण नंतर निदान चुकीचे ठरलेले काही रुग्ण होते. त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी कंट्रोल गटासारख्याच (तुलनेसाठी घेतलेल्या, हा कर्करोग नसलेल्या लोकांसारख्याच) निघाल्या.

दोन्ही गटांत चूक सारखीच असेल तर काय होते, याचे गणित संख्याशास्त्रज्ञ अर्विन ब्रॉस यांनी १९५४ मध्ये मांडले. समजा, १०० रुग्णांपैकी ५० आणि १०० कंट्रोलपैकी २० जण धूम्रपान करणारे आहेत. खरा ऑड्स रेशो (धूम्रपान करणारे भागिले न करणारे, या प्रमाणाची दोन गटांतली तुलना) ४. प्रश्नावलीची सेन्सिटिव्हिटी (धूम्रपान करणाऱ्यांना बरोबर ओळखण्याचे प्रमाण) ८० टक्के आणि स्पेसिफिसिटी (न करणाऱ्यांना बरोबर ओळखण्याचे प्रमाण) ९० टक्के धरली, तर नोंदीत अनुक्रमे ४५ आणि २४ जण येतात आणि रेशो २.६ वर घसरतो. नमुना कितीही वाढवा, ही घसरण भरून निघत नाही. फक्त चुकीच्या आकड्याभोवतीची खात्री वाढते.

रक्तदाबाच्या मोजणीत निरीक्षकाच्या कलाने होणारी आणि सगळ्यांत सारखी असणारी, अशा दोन्ही प्रकारच्या चुका एकत्र भेटतात. निरीक्षक वाचन शून्याने संपणाऱ्या आकड्यावर नेऊन ठेवतात, आणि १४० ची सीमारेषा असेल तर १३८ चे काय होणार हे उघड आहे. म्हणून १९७० च्या सुमारास ‘रँडम-झीरो’ यंत्र आले: पाऱ्याची सुरुवातीची पातळी यंत्रच बदलते, आणि ती वजा करेपर्यंत खरा आकडा निरीक्षकालाही कळत नाही. पुढे हे यंत्रच साध्या पारायंत्रापेक्षा किंचित कमी दाब दाखवते, असे आढळले!

पण एका दिवसाचे अचूक वाचनही माणसाचा नेहमीचा दाब सांगत नाही. मॅकमोहन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नऊ अभ्यासांतील सुमारे ४,२०,००० लोकांच्या माहितीत पुनर्मोजणीच्या आधारे ही त्रुटी दुरुस्त केली. डायस्टोलिक (खालच्या) दाबाचा पक्षाघात व हृदयविकाराशी संबंध आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी तीव्र ठरला.

अशा उदाहरणांमुळे ‘चूक आहे, पण ती परिणाम कमीच दाखवते’ हे वाक्य शोधनिबंधांच्या शेवटी सर्रास येते. पण १९९० मध्येच डोसेमेची, वाकोल्डर आणि लुबिन यांनी त्याची मर्यादा दाखवली. धूम्रपानासारख्या गोष्टीचे कमी, मध्यम, जास्त असे तीन वर्ग असले आणि ‘जास्त’ मधले काही जण ‘मध्यम’ मध्ये नोंदले गेले, तर मध्यम गटाचा धोका असतो त्याहून वाढलेलाच दिसू शकतो.