डिपेंडंट व्हिसावर परदेशात नोकरी करता येते का? पात्रता, अर्ज आणि इथूनच न्यायचे कागद

मुलगा डॅलसला किंवा म्युनिकला, मुलगी छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. नाहीतर लातूरला बी.फार्म. झालेली. अशा स्थळात हल्ली पत्रिकेच्या आधी एकच विचारणा होते: तिकडं गेल्यावर मुलीला नोकरी करता येईल का? मध्यस्थ ‘येते की’ म्हणून मोकळा होतो. खरं तर ते देशावर आणि ज्याच्या आधारावर जायचं त्याच्या स्वतःच्या व्हिसावर ठरतं. नर्सिंग झालेली बायको आधी जाते आणि नवरा मागून डिपेंडंट म्हणून, म्हणजे तिच्या व्हिसाच्या आधारावर जातो, अशीही घरं आता बरीच आहेत. नियम दोघांना सारखाच.

सगळ्यात जास्त गैरसमज अमेरिकेबद्दल आहेत. नवरा एच-१बी वर, म्हणजे अमेरिकी कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर असेल तर बायकोला एच-४ मिळतो, आणि नुसत्या एच-४ वर काम करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ईएडी, म्हणजे कामाचं परवानगी कार्ड मिळतं. त्यासाठी नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्याची एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवलेली हवी. नुकताच अमेरिकेत गेलेल्या मुलाकडे यातलं बहुधा काहीच नसतं. म्हणून स्थळ बघताना पगाराइतकंच ‘आय-१४० मंजूर झालाय का’ हेही स्पष्ट विचारा. त्यात संकोच कसला?

पात्र असाल तर अर्ज आय-७६५ या फॉर्मवर, अमेरिकेत पोचल्यावर करायचा. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र, स्वतःचा आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद), नवऱ्याची एच-१बी मंजुरी, आय-१४० मंजुरीची प्रत आणि फोटो लागतात. नोकरी आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर त्याच फॉर्मवर मागता येतो, वेगळा खेटा घालावा लागत नाही. कार्ड हातात येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. मुलं एच-४ वर असली तर त्यांना ही सोय नाही.

नवऱ्याला कंपनीने आपल्याच अमेरिकेतल्या शाखेत बदलीवर, म्हणजे एल-१ वर पाठवलं असेल तर मात्र चित्र एकदम वेगळं. एल-२ वरच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं ईएडी लागत नाही. आय-९४ वर ‘एल-२एस’ असा शिक्का-संकेत आला की तोच पुरावा. विमानतळावरून बाहेर पडलात की आय-९४ ऑनलाइन काढून तो ‘एस’ आलाय का ते बघा, आणि नसेल तर लगेच दुरुस्ती मागा. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, म्हणजे एफ-२ ला, कामाची परवानगीच नाही.

जर्मनी यात बरीच उदार आहे. तिथं कुटुंब पुनर्मीलनाच्या निवास परवान्यावर सहसा पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही. व्हिसाच्या स्टिकरवर किंवा कार्डासोबतच्या हिरवट कागदावर जर्मनमध्ये ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’ छापलेलं असतं; म्हणजे कमाईच्या कामाला परवानगी. ‘एर्लाउब्ट’च्या आधी ‘निश्ट’ आलं असेल तर परवानगी नाही. मालक हीच ओळ बघतो. जोडीदाराला व्हिसासाठी सहसा ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मन लागतं. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) असणाऱ्याच्या जोडीदाराला ती अट नाही.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगाराच्या व्हिसावाल्याचा जोडीदार जवळपास कुठलंही काम करू शकतो. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक होता येत नाही एवढंच. अडचण आता जोडीदाराला नेण्यातच आहे. केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून नव्याने कुटुंब नेता येत नाही. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांपैकी फक्त संशोधन पदवीवाले आणि सरकारी शिष्यवृत्तीवाले कुटुंब नेऊ शकतात. ‘एमबीएला पाठवा, जावई मागून जाईल’ असं सांगणारे एजंट अजून भेटतात. त्यांना हा नियम दाखवा. तिथं आता प्लास्टिकचं कार्ड नाही, ई-व्हिसा असतो. मालकाला ऑनलाइन काढलेला शेअर कोड द्यायचा; त्यावरून तो कामाची परवानगी तपासतो.

कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करण्याची परवानगी आवळली. विद्यार्थी १६ महिने किंवा त्याहून जास्त मुदतीच्या मास्टर्सला, पीएच.डी.ला किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमाला हवा. कामगार असेल तर वरच्या श्रेणीची किंवा ठरावीक टंचाईची नोकरी हवी, आणि परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. कॉलेजच्या डिप्लोमावर जोडीदाराला परमिट, हे दिवस गेले. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याच्या जोडीदाराला पंधरवड्याला ४८ तास. विद्यार्थी मास्टर्स किंवा पीएच.डी.ला असेल तर तासांचं बंधन नाही.

आखातात आपल्याकडच्या नांदेड, परभणी, बीडच्या किती घरांतली माणसं आहेत हे सांगायला नको. संयुक्त अरब अमिरातीत नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर राहणाऱ्या बायकोला नोकरी करता येते आणि स्पॉन्सर बदलावा लागत नाही. पण तिच्या नावाचं वर्क परमिट मालकाने मनुष्यबळ मंत्रालयाकडून काढायचं असतं. फ्री झोनमध्ये, म्हणजे वेगळे नियम असलेल्या व्यापारी क्षेत्रात ते तिथलं प्राधिकरण बघतं. व्हिजिट व्हिसावर ‘आधी रुजू व्हा, कागद नंतर’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

काम म्हणजे नेमकं काय, यावरही लोक फसतात. परवानगी नसताना शेजारच्यांना पोळ्यांचे डबे देणं, रोख पैशावर मुलं सांभाळणं, घरी ट्यूशन घेणं हेही कामच. पगार भारतातल्या खात्यात जमा होतो म्हणून अमेरिकेत बसून केलेलं ऑनलाइन काम मोजलं जात नाही, असं धरून चालू नका. उलट परवानगी असली तरी नर्स, फार्मसिस्ट, डॉक्टर यांना त्या देशाचा परवाना वेगळा काढावाच लागतो.

आता इथले कागद. विवाह नोंदणी गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेत किंवा महापालिकेत होते. नमुना ‘ड’ भरायचा, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो. मिळतो तो नमुना ‘ई’. तो हातात घेतल्याबरोबर काउंटरवरच इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडं खरी गोची नावाची होते. पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर ती तिसरीच बाई दिसते. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. व्हिसा आणि नोकरीचा विचार असेल तर पदवीवरचं नाव तसंच ठेवा. बदललंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि ती प्रत कायम फाइलला लावा. जुन्या दाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आहे म्हणून तो नव्याने काढायची घाई करू नका. नावं २०२३ साली बदलल्याच्या अधिसूचनेची प्रत जोडली की पुरतं.

मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, मूळ पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा विद्यापीठाचा दाखला) निघण्याआधीच काढून ठेवा. तिकडून अर्ज करून घरच्यांना हेलपाटे घालायला लावण्यात अर्थ नाही. साक्षांकनाचंही आधी नीट विचारा. अमिरातीला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांचा दूतावास अशी साखळी लागते. भारताचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं तो साक्षांकनाचा शिक्का, जर्मनी मानत नाही. एच-४ च्या मुलाखतीला साधं मूळ विवाह प्रमाणपत्र चालतं. एजंट मात्र तिघांकडूनही अपोस्टिलचे पैसे घेतो.

एच-४ च्या ईएडीबाबत शेवटचं. नवऱ्याची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्याचा दर्जा संपला की बायकोचा दर्जा आणि कामाचा हक्कही संपतो. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जुनं कार्ड आपोआप वाढायचं, ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना उरलेली नाही. म्हणून मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्जाची खिडकी उघडते, त्याच आठवड्यात तो भरून टाका.