डग्ग्याचा बास कधी वाढवायचा?

हेडफोनमध्ये डग्गा जरा पोकळ वाटला, म्हणून मी रेकॉर्डिंगच्या आधीच मिक्सरवरचं बासचं, म्हणजे खालच्या जाड आवाजाचं, बटण उजवीकडे फिरवलं. काय घुमायला लागला! दोन तास ठुमरी रेकॉर्ड केली. रात्री ऐकलं, तर लग्गीत (ठुमरीच्या शेवटी तबला द्रुत लयीत वाजतो तिथे) जिथे जिथे डग्ग्याचा 'घे' हा बोल जोरात पडला होता, तिथे तिथे 'फट्ट'. आवाज रेकॉर्डरच्या कमाल पातळीवर आपटला होता आणि लाटेचा माथाच छाटला गेला होता.

बासचं ते बटण म्हणजे ईक्वलायझरचाच भाग; ईक्वलायझर म्हणजे ईक्यू. आवाजातला वारंवारतेचा ठरावीक पट्टा तो उचलतो किंवा दाबतो. 100 हर्ट्‌झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) आसपास 6 डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) वाढवले, की तिथली लाट जवळपास दुप्पट उंच होते. नंतर तेवढेच कमी केले की मूळ आवाज बराचसा परत मिळतो. छाटलेला माथा मात्र मिळत नाही.

आता डग्गा पोकळ वाटला तर मी आधी माईक सरकवतो. एकाच दिशेने ऐकणारा माईक वाद्याच्या जवळ नेला, की खालचे आवाज आपोआप फुगतात. चार बोटांनी फरक पडतो. रेकॉर्ड करताना ईक्यू लावायचाच, तर गायकाच्या माईकवर 80 हर्ट्‌झच्या खालचं कापून टाकतो. गळा सहसा तिथे उतरत नाही. असते ती पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर. डग्ग्याच्या माईकवर हे करू नये, त्याचा जीवच त्या खालच्या पट्ट्यात आहे.

बाकी सगळं मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना. तबल्याच्या शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या गोलामुळे) त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या जवळपास पूर्ण पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली मांडलं. म्हणून तर तबला 'सा'त लागतो. पण मग तबला, पेटी आणि गळा यांचे बरेचसे स्वरांश एकाच ठिकाणी येऊन बसतात, आणि जोरकस आवाज शेजारच्या नाजूक आवाजाला झाकतो. कोण कोणाला झाकतंय, हे सगळे ट्रॅक एकत्र वाजवल्याशिवाय कळणार कसं? शब्द बुडत असतील तर मी गळा वाढवत नाही, पेटी 2000 ते 3000 हर्ट्‌झच्या दरम्यान 2-3 डेसिबलनी दाबतो. मग पेटी एकटी ऐकली तर मंद वाटते. वाटू दे, श्रोता ती एकटी थोडीच ऐकणार आहे!

स्पीकरचा आवाजही बेताचा ठेवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली मोजून दाखवलं होतं, की आवाज लहान केला की कानाला बास जास्तच कमी ऐकू येतो. मोठ्याने ऐकत जमवलेला बास घरी हळू लावल्यावर गायब होतो, तो यामुळे.

तबलजी बिचारे पुन्हा आले. या वेळी बटण मध्यावर, माईक वीतभर जवळ. मिक्सिंगमध्ये डग्ग्याचा बास वाढवलाच, पण दीड डेसिबल.