कॅसाव्हेटीझ, जॉन

(९ डिसेंबर १९२९ – ३ फेब्रुवारी १९८९). अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक, पटकथाकार व नट. जन्म न्यूयॉर्क येथे, ग्रीक स्थलांतरित कुटुंबात. अभिनेत्री जीना रोलंड्स ही त्याची पत्नी. त्याच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत प्रमुख भूमिका तिचीच आहे. नट म्हणून ‘द डर्टी डझन’ (१९६७) मधील भूमिकेसाठी त्याला ऑस्कर नामांकन मिळाले. अभिनयाची मिळकत तो स्वतःच्या चित्रपटांत घालत असे.

अमेरिकेतील स्वतंत्र (मोठ्या स्टुडिओंच्या पैशाविना काढलेल्या) चित्रपटाची सुरुवात बहुधा त्याच्या ‘शॅडोज’पासून मानतात. मात्र या चित्रपटाचे नेमके वर्ष सांगणे अवघड आहे, कारण तो दोनदा तयार झाला. न्यूयॉर्कमधील अभिनय कार्यशाळेत १९५७ च्या सुमारास त्याचे चित्रण सुरू झाले. जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमातून कॅसाव्हेटीझने श्रोत्यांना मदतीचे आवाहन केले आणि त्यातून सुमारे दोन हजार डॉलर जमले, असे सांगतात. सोळा मिमी. फिल्मवरील पहिली आवृत्ती १९५८ च्या अखेरीस दाखवली गेली. समीक्षक जोनास मेकस याने ती उचलून धरली. कॅसाव्हेटीझला मात्र तीत माणसांपेक्षा तंत्राचेच कौतुक अधिक दिसले. त्याने बराच भाग नव्याने चित्रित करून नोव्हेंबर १९५९ मध्ये दुसरी आवृत्ती दाखवली. ही व्यापारी तडजोड असल्याची टीका मेकसने केली. ‘आत्ता पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त होता’ अशा आशयाची पाटी शेवटी झळकते. ती शब्दशः घेऊ नये : नव्या प्रसंगांतील बरेचसे संवाद आधी लिहिलेले होते, असे अभ्यासक रे कार्नी याचे प्रतिपादन आहे आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. हरवलेली मानली गेलेली पहिली आवृत्ती कार्नीला सापडली व २००४ मध्ये रॉटरडॅम येथे दाखवली गेली. रोलंड्सने तिच्या प्रदर्शनाला हरकत घेतली.

उत्स्फूर्ततेचा हा शिक्का त्याच्या पुढील चित्रपटांवरही बसला, तरी ते बहुतांशी लिखित पटकथेवरच उभे आहेत. मोकळीक असे ती वाक्य कसे म्हणावे याची. ‘फेसेस’ (१९६८) च्या पटकथेला ऑस्कर नामांकन होते. या चित्रपटाचे बरेचसे चित्रण कॅसाव्हेटीझच्या घरातच झाले.

स्टुडिओंशी त्याचे फारसे जमले नाही. ‘अ चाइल्ड इज वेटिंग’ (१९६३) चे संकलन निर्माता स्टॅन्ली क्रेमर याने त्याच्या हातून काढून घेतले. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (१९७४) मूळचे नाटक. रोज रात्री ही भूमिका करणे झेपणार नाही, असे रोलंड्सने सांगितल्यावर त्याची पटकथा झाली. त्यात नट पीटर फॉकने स्वतःचे पैसे घातले. वितरक मिळेना, तेव्हा कॅसाव्हेटीझनेच चित्रपटगृहांशी बोलणी केली. या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे व अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले.

‘ग्लोरिया’ला (१९८०) व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार विभागून, तर ‘लव्ह स्ट्रीम्स’ला (१९८४) बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल मिळाले. ‘बिग ट्रबल’ (१९८६) दुसऱ्या दिग्दर्शकाने सुरू केलेला असल्याने त्याच्या कामात सहसा धरत नाहीत. लॉस अँजेल्स येथे यकृताच्या विकाराने तो मरण पावला.