दातांचे नेहमीचे विकार आणि रोजची निगा (ठाणे–नवी मुंबई परिसर)

दातांना कीड लागणे, हिरड्या सुजून रक्त येणे, थंड-आंबट खाल्ल्यावर दात आंबणे, अक्कलदाढेचा त्रास आणि तंबाखू-सुपारीमुळे तोंडात होणारे बदल हे दातांचे व मुखाचे नेहमी आढळणारे विकार होत. त्यांतले बहुतेक विकार टाळता येतात आणि बहुतेक विकार बराच काळ दुखत नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईत पहाटेची लोकल, दिवसभराचा टपरीवरचा चहा आणि रात्री उशिरा घरी परतून जेवल्याबरोबर अंथरुणाला पाठ टेकणे या दिनक्रमाचा दातांवर थेट परिणाम होतो. म्हणून इथल्या दंतआरोग्याचा विचार दिनक्रमापासूनच सुरू करावा लागतो.

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा खड्डा पडला की तो हाडासारखा भरून येत नाही. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. यांतला प्रमुख जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. त्याचे वर्णन जे. किलियन क्लार्क यांनी 1924 मध्ये प्रथम केले. तोंडातली आम्लता वाढून पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि खनिजे परत दातात बसवते, पण त्यासाठी तिला अर्धा ते एक तास लागतो.

या अर्ध्या-एक तासात खरी मेख आहे. सणाला ताटात एकदम चार मोदक खाल्ले तर दातांवर आम्लाचा हल्ला एकदाच होतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये काम करणारा माणूस मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच-सहा गोड कटिंग घेतो, दोनदा बिस्किटे खातो, मध्येच उसाचा रस पितो. लाळेचे काम पुरे व्हायच्या आत पुढचा घोट तोंडात जातो. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला दातांच्या बाबतीत अधिक महत्त्व आहे. चहा सोडायला कोणी सांगत नाही. जेवणाला जोडून प्यावा, साखर कमी करावी, नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, एवढ्यानेही फरक पडतो.

कीड पहिल्यांदा खडूसारख्या पांढुरक्या डागाच्या रूपात दिसते. या टप्प्यावर फ्लोराइड (इनॅमल बळकट करणारे द्रव्य) आणि स्वच्छतेने ती थांबवता येते. डाग तपकिरी होऊन खळगा पडला की फिलिंगला पर्याय उरत नाही. दातात खरोखरचा किडा असतो ही समजूत अजून टिकून आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले ‘किडे’ बाहेर काढून दाखवण्याचा प्रकार महाराष्ट्रात जुना आहे. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले अंकुर असतात.

कीड आतल्या मगजापर्यंत, म्हणजे नसेपर्यंत, पोचली की ठणका सुरू होतो. आडवे पडल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढत असल्याने तो रात्री अधिक जाणवतो. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमुळे दाढ थोडा वेळ बधिर होते. दंतवैद्यही हे द्रव्य वापरतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचा हा उपाय चुकीचा नाही. मात्र आतली कीड त्याने जात नाही. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणे तर सरळ घातक, कारण तिने हिरडी भाजते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकने सूज तात्पुरती उतरते आणि महिन्याभराने परत येते, कारण पू होण्याची जागा तशीच राहिलेली असते. रूट कॅनालमध्ये संसर्ग झालेला मगज काढून पोकळी स्वच्छ करून भरतात आणि दाढेवर बहुधा कॅप बसवतात. जबड्याखाली सूज येऊन ताप आला, गिळणे किंवा श्वास घेणे अवघड झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आईवडिलांच्या हमखास नजरेतून सुटते. दुधाचे दात 20 असतात आणि पक्के 32. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच असल्याचे घरात समजले जाते आणि ‘पडेलच कधीतरी’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ती पक्की दाढ असते आणि आयुष्यभर पुरवायची असते. दाढेवरच्या खोल खाचांमध्ये सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून घेतल्यास किडीपासून चांगले संरक्षण मिळते. दुधाचे दातही क्षुल्लक मानू नयेत. ते वेळेआधी काढावे लागले की शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दातांची जागा अडते. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय पुढच्या वरच्या दातांचा अक्षरशः भुगा करते.

हिरड्यांचा आजार किडीपेक्षाही गुपचूप वाढतो. ब्रश करताना थुंकीत रक्त दिसले की अनेकजण त्या बाजूला ब्रश लावणेच सोडतात. नेमके उलटे करायला हवे, कारण रक्त येते ते साचलेल्या थरामुळे. हा थर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचे कीटण बनते आणि ते ब्रशने निघत नाही. पुढे हिरडी दातापासून सुटते, हाड झिजते, दात हलू लागतात. यालाच लोक पायरिया म्हणतात. स्केलिंगने, म्हणजे दंतवैद्याकडून कीटण काढून घेतल्याने, दात ढिले होतात ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात दात आधीच ढिले झालेले असतात आणि कीटणाने ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर ताब्यात ठेवणे कठीण जाते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या काळात दातांची आवश्यक उपचारप्रक्रिया सुरक्षितपणे करता येते, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत.

सुपारी आणि तंबाखू हा इथला सर्वांत गंभीर भाग. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मशेरी, अनेक घरांतल्या बायका दात घासण्याच्या नावाखाली लावतात. दात त्याने स्वच्छ होत नाहीत. निकोटीनची सवय मात्र लागते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुगंधी सुपारीला अनेक पालक अजूनही निरुपद्रवी समजतात. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलेले आहे. सुपारीने गालाच्या आतला भाग हळूहळू ताठर होतो. सुरुवातीला नेहमीची मिसळही तोंडाला झोंबू लागते, पुढे पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी लगेच करावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम आणि पांढरा किंवा लाल चट्टा यांनाही हाच नियम. टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था नवी मुंबईतच, खारघरला आहे.

रोजच्या निगेत सर्वांत महत्त्वाचा ब्रश रात्रीचा. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेल्या अन्नावर जिवाणूंना मोकळे रान मिळते. शेवटच्या गाडीने आलेला माणूस थकलेला असतो हे खरे, म्हणून जेवण झाल्यावर लगेच दोन मिनिटे काढावीत, अंथरुणाजवळ गेल्यावर ती निघत नाहीत. ब्रश मऊ केसांचा असावा, हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा आणि तीनेक महिन्यांनी बदलावा. जोर लावून आडवे घासल्याने दातांच्या मुळाशी खाचा पडतात आणि मग गार पाण्यानेही दात शिवशिवतात. राखुंडी आणि खरखरीत मंजनही इनॅमल झिजवते. कडुलिंबाची काडी मऊ चावून वापरली तर थर निघतो, पण तिच्यात फ्लोराइड नसते. भारतात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही, त्यामुळे ते पेस्टमधूनच मिळवावे लागते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश झाल्यावर फेस थुंकावा, पण भरपूर चुळा भरून पेस्ट धुऊन काढू नये. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (दातांमधून फिरवायचा धागा) किंवा बारीक ब्रश लागतो. टाचणी किंवा काडीपेटीतली काडी तिथे घालू नये.

उपचार महाग म्हणून पुढे ढकलले जातात, तेव्हा जवळच्या दंत महाविद्यालयांची माहिती असावी. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम आणि खारघरला वाय.एम.टी. ही महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. कुठेही जाताना डॉक्टरची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे ना ते पाहावे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास आधी सांगावे.

सोसायटीच्या आवारात खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता, एरवी तोंडात दिसणाऱ्या भागाला धरून उचलावा. माती लागली असल्यास दुधाने किंवा पाण्याने अलगद धुवावा, घासू नये. जमल्यास तो लगेच जागेवर बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.