यीस्टच्या विसाव्यामागची जनुके

साखर संपली की यीस्टच्या पेशी विभाजन थांबवतात, भित्तिका जाड करतात, ग्लायकोजेन व ट्रेहॅलोज ही शर्करांची द्रव्ये साठवतात आणि दीर्घकाळ तग धरतात. अन्न तुटल्यावर सारे आपोआप बंद पडत असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण हा विसावा जनुकांच्या आज्ञेने घडतो, आणि ते उमगले मुख्यतः विसावता न येणाऱ्या पेशींमुळे.

१९७०च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये लेलंड हार्टवेल यांनी पेशीचक्र, म्हणजे पेशीच्या वाढीचा व विभाजनाचा क्रम, मध्येच अडणारे उत्परिवर्ती (जनुक बदललेले) यीस्ट गोळा केले. त्यातून ‘स्टार्ट’ हा टप्पा स्पष्ट झाला. तो ओलांडलेली पेशी विभाजन पुरे करते. उपाशी पेशी मात्र नव्या पेशीची कळी न फुटताच त्याच्या अलीकडे थांबते. या कामाला २००१ मध्ये नोबेल मिळाले.

तिला थांबवते कोण? १९८०च्या दशकात जपानी संशोधकांनी बीसीवाय१ हे जनुक बिघडलेले यीस्ट अभ्यासले. त्यात पीकेए या कायनेजवरचा (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणाऱ्या प्रथिनावरचा) लगामच सुटलेला असतो. अशा पेशी उपासमारीतही पोट भरल्यासारख्या वागतात, काही साठवत नाहीत आणि मरतात. माणसाच्या कर्करोगात बिघडणाऱ्या रास जनुकाचे यीस्टमधले भाऊबंद पीकेएपर्यंत पोहोचणारी हीच संदेशांची साखळी चालवतात, हे १९८५ मध्ये कळले. तेव्हापासून हा विषय यीस्टपुरता राहिला नाही.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हाइटमन, मूव्वा आणि हॉल यांनी ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या रॅपामायसिन या औषधाच्या साहाय्याने, ते ज्यांच्या प्रथिनांवर काम करते ती टॉर जनुके शोधली. हे औषध दिले की अन्न असूनही यीस्ट उपाशी असल्यासारखे थांबते. पुढे क्लॉदिओ दे व्हर्जिलिओ यांच्या गटाने दोन्ही धागे जुळवले: पीकेए आणि टॉर दोघेही रिम१५ या कायनेजला दाबून ठेवतात. अन्न संपले की ते मोकळे होऊन केंद्रकात जाते आणि साठवण व संरक्षणाची जनुके सुरू करवते.

मला २००६चे न्यू मेक्सिकोतले काम फार मोलाचे वाटते. वाढ थांबलेल्या एकाच मिश्रणात खरोखर विसावलेल्या जड पेशी आणि न विसावलेल्या हलक्या पेशी असतात, हे तिथे त्या वेगळ्या काढून दाखवले गेले. त्याआधीच्या बऱ्याच मोजमापांत दोन्हींची सरमिसळ होती.

२०१२ मध्ये रिम१५ची गोष्ट जपानच्या साके मद्यापर्यंत पोहोचली. १९४६ मध्ये नागानोतल्या मद्यशाळेत मिळालेल्या क्योकाई ७ या वाणात हे जनुक निकामी असल्याचे आढळले. या पेशी नीट विसावत नाहीत, म्हणून जोमाने आंबवत राहतात. प्रयोगशाळेतल्या यीस्टमधून रिम१५ काढले तेव्हा त्याचाही आंबवण्याचा वेग वाढला.