बाळाच्या डिगॉक्सिन तपासणीला येण्यापूर्वी

पालकहो,

तुमच्या बाळाला हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू असेल आणि डॉक्टरांनी त्याची रक्तातली पातळी बघायला सांगितली असेल, तर लॅबमध्ये येण्याआधी हे पत्रक वाचा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र ठेवा: डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर पाजायचा.

सुरगाणा, पेठ, हरसूलकडची मंडळी पहाटेची एसटी धरून नाशिकला येतात. निघताना बाळाला औषध पाजतात आणि दोन-तीन तासांत आमच्याकडे पोचतात. डोस चुकू नये ही त्यांची काळजी रास्तच आहे, पण त्या वेळी घेतलेल्या रक्तात आकडा फुगून येतो. पोटातून आलेलं डिगॉक्सिन आधी रक्तात चढतं, मग हळूहळू हृदयाच्या स्नायूत मुरतं. त्याला निदान ६ तास लागतात. फुगलेला आकडा खरा धरून मात्रा कमी झाली, तर नुकसान बाळाचं. म्हणून शेवटच्या डोसनंतर ६ ते ८ तास जाऊ देतो. पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त मिळालं तर सर्वांत चांगलं. डोस देऊन झाला असेल तर तसं सांगा. कोणी रागावणार नाही, रक्त उशिरा घेऊ. बाळाला उपाशी मात्र ठेवू नका, दूध-खाणं नेहमीसारखं चालू दे.

औषधाची बाटली आणि ड्रॉपर सोबत आणा. लहान मुलांच्या द्रावणात सहसा १ मिलिलिटरमध्ये ०.०५ मिलिग्रॅम औषध असतं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, म्हणून घरचा चमचा वापरू नका. डोसनंतर उलटी झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा पाजू नका.

पातळीची प्रचलित मर्यादा ०.८ ते २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. बरेच डॉक्टर हल्ली ती १ च्या आतच ठेवणं पसंत करतात. उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडं, म्हणूनच ही तपासणी. नवजात बाळाच्या रक्तात डिगॉक्सिनसारखे नैसर्गिक पदार्थ असतात, त्यामुळेही आकडा वाढलेला दिसू शकतो. रिपोर्ट बघून घरीच डोस बदलू नका.

डॉक्टर बहुधा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) हेही लिहून देतात. ते पैसे वाया जात नाहीत. जुलाबाने किंवा लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरलं, तर डिगॉक्सिनची पातळी ठीक असूनही त्रास होऊ शकतो. डिगॉक्सिन शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडातून, तेव्हा क्रिएटिनिन वाढलं की औषध साठू लागतं. काही प्रतिजैविकांनीही पातळी वाढते, क्लॅरिथ्रोमायसिन त्यातलंच. दुसरं कोणतंही औषध चालू असेल तर चिठ्ठी दाखवा.

अंगणात बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर असेल तर तिच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्यांतलं विष हृदयावर डिगॉक्सिनसारखंच काम करतं आणि या तपासणीत डिगॉक्सिन म्हणून दिसू शकतं.

बाळ दूध सोडू लागलं, वारंवार उलट्या झाल्या, मलूल पडलं किंवा नाडी मंद वाटली, तर लॅबकडे न येता थेट रुग्णालय गाठा. रक्त तिथे घेतील.

आमच्या रिपोर्टवर शेवटच्या डोसची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही छापलेल्या असतात. डॉक्टरांना दाखवताना त्या ओळीवर बोट ठेवून दाखवा.