नव्वद टक्के झालेला निचरा

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत फिरणारा तक्ता कोणत्याही खात्याचा असो, रकाने तेच: कामाचं नाव, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मंजूर निधी, झालेला खर्च, भौतिक प्रगती टक्क्यांत आणि शेवटी शेरा. शेऱ्यात बहुधा ‘काम प्रगतिपथावर’. साध्या रस्त्याच्या बाबतीत हा तक्ता बऱ्यापैकी खरं बोलतो. दहा किलोमीटरपैकी आठ झाले, तर त्या आठ किलोमीटरवर एसटी सुखानं धावते आणि उरलेल्या दोनवर आदळते. पाण्याच्या कामांना मात्र हे गणित लागू पडत नाही. पाणी एकामागून एक टप्प्यांतून जातं आणि त्या टप्प्यांची बेरीज होत नाही. ज्या टप्प्यातून सगळ्यांत कमी पाणी निघतं, तेवढंच पुढे जातं. एक टप्पा शून्य असेल तर बाकीचे पूर्ण होऊनही उत्तर शून्यच.

सांगली जिल्ह्यात ही बाब जास्त टोचते, कारण इथलं जवळजवळ प्रत्येक मोठं काम शेवटी पाण्याचंच असतं. पश्चिमेला शिराळा, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णा-वारणेचा पट्टा. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा पावसाच्या छायेतला मुलूख. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात बोटी फिरत होत्या आणि त्याच आठवड्यात जतमध्ये टँकर.

पुराचं मोजमाप आपल्याकडे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर होतं. 1929 सालचा हा पूल. 40 फुटांवर इशारा पातळी आणि 45 वर धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2005 मध्ये पाणी 54 फुटांच्या जवळ गेलं, 2019 मध्ये 57 च्या वर, 2021 मध्ये 55 च्या आसपास. हे फूट सगळे सारखे नसतात. नदी पात्रात असते तोवर एक फूट वाढायला थोडं पाणी पुरतं. एकदा ती काठ सोडून मळीत, म्हणजे नदीकाठच्या सखल रानात, पसरली की तोच एक फूट वाढायला कितीतरी जास्त पाणी लागतं. म्हणून वरच्या पातळीला ‘आज फक्त एक फूट वाढलं’ हे ऐकून निश्चिंत व्हायचं कारण नाही. ते पाणी ओसरायलाही तसाच वेळ घेतं.

पूररेषांचं गणितही असंच फसवं वाटतं. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा आला म्हणजे पुढची 25 वर्षं सुट्टी. प्रत्यक्षात दरवर्षी निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता 4 टक्के असते, मागच्या वर्षी काय झालं याच्याशी तिचा संबंध नसतो. ती 30 वर्षं टळण्याची शक्यता 0.96 चा तिसावा घात, म्हणजे सुमारे 29 टक्के. निळ्या रेषेवर बांधलेल्या दवाखान्यात पुढच्या 30 वर्षांत निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता 71 टक्के येते. हा आकडा पायाभरणीच्या आधी तक्त्यात असावा, असं मला वाटतं. नंतर तो फक्त चिडचिड वाढवतो.

आता मुख्य मुद्दा. सांगली शहरात पूर काठ ओलांडून येण्याआधी नाल्यांतून उलटा येतो. नदी वर चढली की शहराचं पाणी नदीत नेणारा नालाच नदीचं पाणी शहरात आणतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या बाजूंना हे दर पुरात पहिल्यांदा दिसतं. यावर उपाय माहीत आहे: नाल्याच्या तोंडाशी झडप किंवा दार, जे नदी चढली की बंद होतं. पण दार बंद झालं की आतल्या वस्तीवर पडणारा पाऊस कुठे जाणार? त्यासाठी पंप लागतात. पुरात वीज जाते, म्हणून पंपांना जनरेटर लागतो, तोही पुराच्या पातळीच्या वर चौथऱ्यावर ठेवलेला. दार, पंप, जनरेटर: तीन कामं, बहुधा तीन निविदा. दार बसलं आणि पंप राहिले, तर तक्त्यात एक तृतीयांश प्रगती दिसेल, पण जोराच्या पावसात तो भाग पूर्वीपेक्षा वाईट बुडेल. अर्धवट काम इथे अर्धा फायदा देत नाही, तोटा देतं.

मोऱ्यांचं तेच. पुरात रस्ता बंद पडू नये म्हणून भराव टाकून तो उंच करतात. मळीतून आडवा गेलेला असा भराव म्हणजे बांधच. त्याखालून पाणी सोडायला पुरेशा मोऱ्या नसल्या तर वरच्या अंगाला फुगवटा येतो. जमिनीला किलोमीटरला एक मीटर उतार असेल तर 30 सेंटिमीटरचा फुगवटा 300 मीटर मागपर्यंत शेतात शिरतो, आणि कृष्णाकाठची जमीन त्याहून सपाट असते. मोरीच्या नळातून जाणारं पाणी व्यासाच्या सरळ प्रमाणात नसतं. उतार आणि नळाचा खरखरीतपणा तोच राहिला, तर ते व्यासाच्या जवळपास पावणेतीन घाताच्या प्रमाणात वाढतं किंवा घटतं. 1200 मिलिमीटरच्या जागी 900 मिलिमीटरचा नळ टाकला की व्यास पाव भागानं कमी होतो, पाणी मात्र निम्म्याहूनही कमी जातं. तक्त्यात दोन्ही ठिकाणी ‘मोरी: 1, पूर्ण’ असंच लागतं.

शेतीच्या योजनांकडे वळलो की याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण क्षारपड जमिनीचं. वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठी एकेकाळी एकरी शंभर टनांची स्वप्नं पाहणाऱ्या रानांत आज पांढरा थर दिसतो. कारण गूढ नाही. उसाला वर्षाला दोन मीटर उंचीइतकं पाणी दिलं, आणि समजा त्या पाण्याच्या लिटरात 300 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत, तर एका एकरात वर्षाला सुमारे 24 क्विंटल क्षार येऊन पडतात. पिण्याला गोड लागणाऱ्या पाण्यातही एवढे क्षार असू शकतात. ऊस पाणी पितो, क्षार बहुतेक मागेच ठेवतो. काळ्या चिकण जमिनीतून पाणी खाली झिरपायला फार वेळ लागतो, त्यात पाटपाणी, वरून पुराचं साचलेलं पाणी. भूजल मुळांपर्यंत येतं. मग वातीतून तेल चढावं तसं ते मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, पृष्ठभागावर वाफ होतं आणि क्षार तिथेच ठेवून जातं.

उपाय म्हणजे सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा. मीटर ते दीड मीटर खोल, ठरावीक अंतरावर, शंभर मीटरला दहा-वीस सेंटिमीटर इतका हलका उतार ठेवून पाइप गाडायचे. ते मोठ्या पाइपाला जोडायचे. तो चरीत, चर ओढ्यात, ओढा नदीत. शेतातले पाइप ही या व्यवस्थेची वरची बाजू, आणि प्रगती मोजायला सोपीही तीच, कारण मीटरमध्ये मोजता येते. पण पाण्याला जायला वाट खालच्या टोकाला लागते. ओढ्यापर्यंतची चर एखाद्याच्या बांधावर अडली, किंवा ओढाच गाळानं आणि बाभळींनी भरला, तर 90 टक्के पाइप गाडूनही निचरा होत नाही. अशा वेळी काम खालून वर करायला हवं: आधी ओढा, मग चर, मग शेत. प्रत्यक्षात ते उलटं होताना दिसतं, कारण शेतात पाइप टाकायला एका शेतकऱ्याची संमती पुरते आणि ओढा मोकळा करायला पाच जणांची भांडणं मिटवावी लागतात.

जिप्समचीही तीच कथा. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि माती पुन्हा मोकळी होते. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. निचरा नसेल तर तो तिथेच फिरत राहतो. निचऱ्याआधी वाटलेल्या जिप्समच्या पोत्यांची संख्या म्हणजे फक्त पोत्यांची संख्या. आणि खारवट व चोपण या दोन वेगळ्या व्याधी आहेत. खारवट जमिनीला धुऊन निचरा केला तरी पुष्कळ, जिप्सम लागतोच असं नाही. माती तपासल्याशिवाय सरसकट पोती वाटण्याला औषध म्हणता येत नाही.

या कामाला वेळापत्रकाचीही एक अडचण आहे. शेतात ऊस उभा असताना पाइप गाडता येत नाहीत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो, पुढे खोडवा. तोड झाल्यापासून पुढची लावण होईपर्यंत, आणि तेही पावसाआधी, जी फट मिळते तेवढ्यातच यंत्र शेतात जाऊ शकतं. काळी जमीन एकदा भिजली की यंत्र रुततं. सरकारी वर्ष मार्चला संपतं आणि ही फट बरोबर मार्च ते मे. मार्चएंडला खर्च दाखवायच्या घाईत पाइपांची खरेदी होते, खोदाईची वेळ येते तेव्हा नव्या निधीची वाट पाहणं सुरू असतं.

अशा योजनेचा आढावा घ्यायचा तर तीन गोष्टी मोजाव्यात. शेतात उभ्या पुरलेल्या निरीक्षण नळीतली भूजलाची पातळी: ती मुळांच्या खाली, निदान मीटरभर गेली का? मुख्य पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता: सुरुवातीला ती जास्त असते, क्षार धुऊन जातात तशी उतरत जाते. आणि मातीचा अर्क: त्याची वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली आली का? हातात मावणारं वाहकतामापक यंत्र फार महाग नसतं. कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र या मातीवर वर्षानुवर्षं काम करतंय, तेव्हा हे ज्ञान मुंबईहून आणायचं नाही.

पूर्वेकडच्या उपसा योजना, टेंभू, ताकारी, म्हैसाळ, यांच्याबद्दल पावसाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: पुराचं पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटले. अर्धं वाक्य चांगलं आहे. पुरात पंप चालवून जत-आटपाडीकडचे तलाव भरून घेणं शहाणपणाचंच. पण त्यानं सांगलीचा पूर उतरत नाही. नदीतून दोन लाख क्युसेक (सेकंदाला दोन लाख घनफूट) वाहत असेल तर दिवसाला सतरा टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त पाणी जातं. हजार क्युसेक उचललं तरी ते अर्धा टक्का. शिवाय चढ आहे: एक टीएमसी पाणी 100 मीटर वर न्यायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबानं 77 लाख युनिट लागतात, पंप-मोटारींची गळती धरली तर कोटीच्या पुढे. वीजबिलातला 81 टक्के वाटा सरकारचा आणि 19 टक्के शेतकऱ्याचा, हा हिशेब याच चढामुळे आला. म्हणून या योजनांचा आढावा ‘इतके किलोमीटर कालवा’ असा न होता ‘उचललेल्या शंभर लिटरपैकी शेवटच्या शेतात किती लिटर पोचले’ असा व्हावा. कालव्यातून बंदिस्त पाइपाकडे जाण्याचा खरा फायदा याच रकान्यात दिसेल.

(कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष आलमट्टीच्या फुगवट्याला दिला नव्हता. उंची वाढवण्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. तो इथे उरकण्यासारखा नाही.)

राहिला नुकसानीचा आढावा. नियमात पिकाचं 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं, आणि ते ठरवायचं पंचनाम्यानं. उसाचं नुकसान पाणी किती चढलं यापेक्षा कोंब बुडाला का आणि किती दिवस, यावर ठरतं. शेंडा वर राहिला तर ऊस तग धरतो. वाढीचा कोंब पाण्याखाली काही दिवस राहिला, पोंग्यात गाळ बसला, तर तो कुजतो आणि बाजूचे डोळे फुटायला लागतात. हळदीला तर एवढाही अवकाश नसतो, साचलेल्या पाण्यात कंदकूज लगेच सुरू होते.

उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं आणि उघडं पाणी त्याला गडद दिसतं, त्यामुळे पुराचे नकाशे आता दिवसाच्या आत मिळू शकतात. पण वाढलेल्या उसाखालचं पाणी कमी तरंगलांबीच्या रडारला नीट दिसत नाही, पानांचा दाटवा आड येतो. म्हणजे नकाशावर सोयाबीनचं रान बुडालेलं आणि शेजारचा ऊस कोरडा, असं चित्र येऊ शकतं. जुलै 2025 मध्ये सोडलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहावर जास्त तरंगलांबीचं रडारही आहे, ते पिकाच्या आत अधिक खोल जातं. उसाच्या पट्ट्यात त्याचा उपयोग होईल अशी आशा ठेवायला हरकत नाही. तोवर बांधावर जाण्याला पर्याय नाही. पाणी ओसरल्यावर उसाच्या कांड्यांवर गाळाची रेघ राहते. तिची जमिनीपासूनची उंची टेपनं घेतली की पाणी किती चढलं ते कळतं, आणि किती दिवस होतं ते गावात कुणालाही विचारता येतं. तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) हे दोन आकडे लिहायला पाच मिनिटं पुरतात, फक्त पंचनाम्याच्या कागदावर त्यांच्यासाठी दोन रकाने हवेत.